पथेटिक या शब्दाचे दोन अर्थ

मेहरूण, जळगाव
९ ऑगस्ट २०२४

आदरणीय बोरसे सरांना हुस्नबानोचा सलाम.

सर, तुम्ही मला ओळखणार नाही. १९९४ साली पारोळ्याच्या शाळेत मी नववीला होते, तुम्ही आम्हाला इंग्रजी शिकवायचात. माझे वडील अय्युब पिंजारी, गावोगाव फिरून कापूस पिंजायचे, गाद्या भरायचे. आमच्या वर्गातला समाधान आता पारोळ्याच्या बाजार समितीत असतो. त्यानं तुमचा पत्ता दिला आणि म्हणाला, "सरांना फोनवर ऐकू येत नाही, पत्र लिही. पत्राला ते उत्तर देतातच." म्हणून तीस वर्षांनी त्रास देते आहे.

काम माझ्या मुलीचं आहे. महेक बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, इंग्रजी घेऊन. तिला कॉलेजातून काही शब्द दिलेत: टचिंग, मूव्हिंग, स्टरिंग, पॉयनंट, हार्ट-रेंडिंग. प्रत्येकातला फरक स्वतःच्या उदाहरणानं सांगायचा आहे. गाइडमध्ये पाचही शब्दांपुढे एकच अर्थ छापलाय, हृदयस्पर्शी. महेक म्हणते, "अम्मी, एकच अर्थ असता तर इंग्रजांनी पाच शब्द कशाला ठेवले असते?" मी ब्लाऊज शिवते सर. मॅचिंग सेंटरवर हिरवा दोरा मागितला की दुकानदार विचारतो, पोपटी, मेहंदी की बाटली हिरवा? चुकीचा लावला तर शिवण लांबून दिसते. तसंच काहीतरी असणार, एवढं मला कळलं. पुढचं तुम्ही सांगा.

यादीत अजून एक शब्द आहे, पथेटिक. त्याचाही अर्थ लिहावा.

तुमची विद्यार्थिनी,
हुस्नबानो

*

देवपूर, धुळे
१७ ऑगस्ट २०२४

चि. हुस्नबानोस आशीर्वाद, आणि महेकलाही.

तुझं पत्र पोस्टमननं हातात दिलं तेव्हा मला वाटलं, पेन्शनचं काही असेल. निघाली विशेषणं! दोन दिवस मी फार खुशीत आहे. शेवंताबाई, म्हणजे माझी पत्नी, म्हणते, "तुम्हाला कोणी शंका विचारली की तुमचे गुडघे दुखायचे थांबतात."

खरं सांगतो, तुझा चेहरा आठवला नाही. रागावू नकोस. अक्षर मात्र ओळखीचं वाटलं.

आता शब्द. महेकला म्हणावं, आधी त्या शब्दातली क्रिया शोध. टचिंगमध्ये स्पर्श आहे, हलका. आमच्या कोपऱ्यावर तोताराम किराणा विकतो. मला कमी ऐकू येतं हे कळल्यापासून तो गिऱ्हाईक किती का असेना, माझ्याशी बोलताना तोंड माझ्याकडे वळवतो आणि सावकाश बोलतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही. हे टचिंग.

मूव्हिंगमध्ये जागा बदलते. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नाला गेलो होतो. मुलीचे वडील वारलेले. कन्यादानाला काका-काकू उठले, तर मुलीची आई पुढे आली आणि म्हणाली, "वाढवली मी, देणार मी." एकटी बसली पाटावर. काका खाली बसले. असल्या बाबतीत माझी मतं जुनी आहेत, हुस्नबानो. मी ती मतं घेऊन मांडवात गेलो होतो. येताना ती माझ्याजवळ नव्हती.

स्टरिंग म्हणजे ढवळणं. सव्वीस जानेवारीला एनसीसीचा बँड रस्त्यानं जातो आणि बहात्तर वर्षांचा म्हातारा गॅलरीत चपलांनी ताल धरतो, तेव्हा त्याचं रक्त ढवळलेलं असतं. त्यात रडू नसतं.

पॉयनंटच्या मुळाशी टोचणं आहे. आमचा पियुष पुण्याला असतो. दिवाळीला आला, चार दिवस राहिला, आईच्या हातचं पोटभर खाल्लं. निघताना बॅग उचलली आणि म्हणाला, "घरी पोचलो की फोन करतो." बोलण्यात काहीच चुकीचं नव्हतं. त्याचं घर तिकडेच आहे. आनंदात एवढीशी सुई राहून जाते, तिला पॉयनंट म्हणावं.

हार्ट-रेंडिंगमधलं रेंडिंग म्हणजे फाडणं. कापड टरकन फाटल्याचा आवाज तुला मी काय सांगायचा! तो शब्द जपून ठेवायचा. आजकाल कशालाही लावतात.

शेवटचा शब्द यादीत कसा आला कळत नाही. महेकला सांग, त्याला हात लावू नकोस. आज त्याचा अर्थ एकच, कीव यावी इतकं टाकाऊ.

महेकला किती मार्क पडले ते कळवायचं.

शा. अ. बोरसे

*

मेहरूण, जळगाव
१२ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

उत्तराला उशीर झाला. गणपतीत ब्लाऊजांची गर्दी होती, हे एक कारण. दुसरं खाली लिहिते.

महेकला वीसपैकी अठरा मिळाले. तिच्या मॅडमनी पियुषभाऊंचं उदाहरण वर्गात वाचून दाखवलं. महेक म्हणते, तास सुटताच हॉस्टेलच्या मुलींनी घरी फोन लावले. आमचे हे, अतिक, पाइपच्या कारखान्यात आहेत. त्यांना इंग्रजीतलं काही कळत नाही, तरी तुमचं पत्र त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

सर, मी तुमच्याशी खोटं बोलले. शेवटचा शब्द महेकच्या यादीत नव्हता. तो माझा होता.

नववीत सहामाहीला तुम्ही निबंध दिला होता, न विसरता येणारा दिवस. सगळ्यांनी सहल लिहिली. मी खरं लिहिलं. त्याच्या आठवडाभर आधी मधल्या सुट्टीत अब्बा शाळेत आले होते. सकाळपासून कुणाच्या तरी ओट्यावर कापूस पिंजून तसेच आलेले. केस, दाढी, भुवया, सगळ्यावर कापूस बसलेला. चाळिशीचा माणूस, पण पांढराफटक दिसत होता. माझ्या शेजारची मुलगी हसली आणि म्हणाली, "हे म्हातारं कोण गं?" मी म्हटलं, "आमच्या गल्लीतलं आहे कोणीतरी." अब्बा पाच-सहा पावलांवर होते. त्यांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते सरळ ऑफिसात गेले, थोड्या वेळानं बाहेर आले आणि सायकल घेऊन निघून गेले. घरी काही बोलले नाहीत. मीही नाही.

हे सगळं मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं. पेपर परत मिळाला तेव्हा खाली तुमच्या अक्षरात लाल शाईनं होतं, व्हेरी पथेटिक. शाळेच्या लायब्ररीतली डिक्शनरी काढली. त्यात दोन अर्थ होते. पहिला करुण. दुसरा केविलवाणा, कीव करण्याजोगा. मी दुसरा घेतला. पहिला माझ्यासाठी असेल असं मनातही आलं नाही. मला वाटलं, स्वतःच्या बापाला ओळख न देणाऱ्या पोरीला सरांनी बरोबर नाव ठेवलं.

तुमचा राग कधी आला नाही, सर. पण त्यानंतर मी खरं असं काही लिहिलं नाही. पुढचे सगळे निबंध सहलीचे लिहिले.

ऑगस्टात तुम्हाला विचारलं ते त्या पहिल्या अर्थासाठी. तुम्ही लिहिलंत, अर्थ एकच आहे. म्हणून उशीर झाला.

हुस्नबानो

*

देवपूर, धुळे
१६ सप्टेंबर २०२४

हुस्नबानो,

पत्र आज दुपारी मिळालं, आज संध्याकाळीच लिहितो आहे.

पहिला अर्थ तुझाच होता.

आम्ही शिकलो त्या पुस्तकांत पथेटिक म्हणजे काळजाला हात घालणारं. आमचे गुरुजी तेच शिकले, त्यांनी आम्हाला तेच दिलं. माझ्या हातातली ती सगळ्यात मोठी शाबासकी होती आणि मी ती वर्षातून दोन-तीनदाच द्यायचो.

मग १९९८ साली एका साहेबांचा निरोप समारंभ झाला. साहेब भाषणात आपल्या आईबद्दल बोलले, फार सुंदर बोलले. मी व्यासपीठावर जाऊन, माइकवर, दोनशे माणसांसमोर म्हणालो, "सर, युवर स्पीच वॉज व्हेरी पथेटिक." पुढच्या रांगेतले नवे तरुण शिक्षक खाली मान घालून हसायला लागले. साहेबांचा चेहरा पडला. आपल्या गळ्यातला हार ते मला घालणार होते, तो त्यांनी शेजारच्या शिपायाला घातला. घरी येऊन नवी डिक्शनरी उघडली. माझा अर्थ पार तळाला होता, आणि त्यापुढे कंसात 'जुना' असं लिहिलं होतं.

हुस्नबानो, त्या समारंभाचं मला पुढे हसूही आलं. पण दुसरी गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. पंधरा-सोळा वर्षं मी तो शब्द मुलांच्या पेपरांवर लिहिला होता. ज्यांनी जीव ओतून लिहिलं नेमक्या त्यांच्याच पेपरांवर. त्यांतल्या कितीजणांनी डिक्शनरी उघडली असेल? तुझ्या पहिल्या पत्रात तो शब्द दिसला आणि मी घाबरलो. म्हणून दोन ओळींत उडवून लावला. तू स्वतःसाठी विचारते आहेस हे मला ओळखता यायला हवं होतं.

निबंध मला आजही आठवत नव्हता. लपवत नाही. तुझं पत्र मी शेवंताबाईला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. मध्येच हात थांबवून म्हणाली, "ती पिंजारीसनी पोर ना? तिना बापना डोकामा कापूस व्हता ती! मी कशी भुलसू? त्या दिन तुम्ही जेवनात नहीत." मी त्या दिवशी पेपर घरी आणले होते, तुझा तिला वाचून दाखवला होता आणि ताट तसंच ठेवून ओट्यावर जाऊन बसलो होतो, असं ती सांगते. तिचं असलं काही चुकत नाही.

म्हणजे माझ्या शेऱ्याचा अर्थ आता साक्षीदारासकट सिद्ध झाला. उशिरा झाला, याची मी तुझी माफी मागतो. वयानं मोठा आहे म्हणून नको म्हणू नकोस.

शा. अ. बोरसे

*

मेहरूण, जळगाव
२८ सप्टेंबर २०२४

आदरणीय सर,

माफी कसली मागता! साहेबांचा हार शिपायाला, हे वाचून मी मशीनवर बसल्या बसल्या एवढी हसले की अतिक आतून बघायला आले. मग त्यांना सगळं सांगावं लागलं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण शाळेतली ती गोष्ट मी त्यांनाही कधी सांगितली नव्हती. ते ऐकून घेऊन म्हणाले, "तू तवा चौदा वर्षांची होतीस." एवढंच म्हणाले आणि चहा करून आणला. याला टचिंग म्हणायचं, बरोबर?

शेवंताबाईंना माझा सलाम सांगा. मी ज्यांना कधी पाहिलं नाही अशा बाईंच्या डोक्यात माझे अब्बा तीस वर्षं होते, हे माझ्या अजून नीट पचनी पडत नाही.

पण सर, तुम्ही तुमच्या शब्दाचा अर्थ सांगितलात. मी वागले त्याचं काय? त्याला दुसराच अर्थ लागतो. अब्बा आता शहात्तर वर्षांचे आहेत. पारोळ्याला माझा भाऊ तौफिक याच्याकडे असतात. तब्येत चांगली आहे. मी दोन-तीन महिन्यांनी जाते, तेव्हा आम्ही पोराबाळांचं बोलतो, सांधेदुखीचं बोलतो. हे नाही. आता काढून काय उपयोग? त्यांनी ऐकलं नसेल तर मी उगाच ऐकवल्यासारखं होईल.

हुस्नबानो

*

धुळे, ३ ऑक्टोबर २०२४

हुस्नबानो,

पोस्टकार्डावर लिहितो आहे, कारण सांगायचं थोडंच आहे. शब्दाची चूक माझी होती, ती मी दुरुस्त केली. बाकीचं पारोळ्याला आहे. जळगावहून एस.टी. दीड तासात पोचते. शेवंताबाई म्हणते, शहात्तर वर्षांच्या माणसाला वाट बघायला लावू नये.

बोरसे

*

मेहरूण, जळगाव
२४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय सर,

तुमचं कार्ड मी शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं. रोज बॉबिन काढताना दिसायचं. कधी दिवाळीची शिलाई, कधी महेकची परीक्षा, असं करत दीड महिना काढला. शेवटी मागच्या रविवारी गेले.

तौफिकचं गाद्यांचं दुकान बाजारपेठेत आहे. आता मशीनवर पिंजतात. अब्बा काही करत नाहीत, पण रोज सकाळी दुकानाच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात. नवा कापूस आला की चिमटीत धरून ताणून बघतात आणि तौफिकला सांगतात, यात जुना मिसळलाय. मी गेले तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले आणि तुमचं पत्र काढलं. म्हटलं, एक सांगायचं आहे. आणि सगळं सांगितलं. निबंध, लाल शाई, तुमचा साहेब. गल्लीतलं कोणीतरी, हे म्हणताना माझी मान वर झाली नाही.

अब्बांनी बोटांना चिकटलेला कापूस झटकला. मग म्हणाले, "सुना था मैंने."

मी विचारलं, "लगा होगा ना, अब्बा?"

"लगा तो. शाम तक लगा. फिर रूई लेके बैठा, हात चलने लगे, निकल गया." आणि मग हसून म्हणाले, "तेरे कू मालूम है, मैं उस दिन आया काय के लिए था?"

मला इतकी वर्षं वाटत होतं, कुठल्या तरी फॉर्मवर सही करायला. सर, ते माझा दाखला काढायला आले होते. अम्मी तेव्हा अंथरुणाला खिळलेली, घरात आम्ही चार भावंडं, मालेगावहून माझ्यासाठी एक स्थळही आलेलं. पोरगी नववीपर्यंत शिकली, पुष्कळ झालं, असं घरात ठरलं होतं. मला कोणी सांगितलं नव्हतं. हेडमास्तरांना सांगायचं, दाखला घ्यायचा आणि मला सायकलवर बसवून घरी न्यायचं, म्हणून ते हातातलं काम टाकून तसेच आले होते.

"फिर?" मी विचारलं.

"फिर तूने वो बात बोली. ऑफिस के दरवाजे तक जाते जाते मैंने सोचा, पोरी को स्कूल के सामने बाप की शरम आयी. मतलब स्कूल उसके दिल में कितना बैठ गया होगा! वहाँ से इसको निकालू तो कैसे निकालू? क्लार्कने पूछा, काय काम आहे? मैं बोला, पाणी पाहिजे प्यायला. उनके माठ में से दो गिलास पानी पिया और आ गया."

घरी जाऊन त्यांनी अम्मीला सांगितलं, हेडमास्तर रजेवर आहेत. आठ दिवसांनी सांगितलं, आता सहामाही झाली की बघू. मालेगावच्या लोकांना कळवलं, दहावीनंतर या. ते काही पुन्हा आले नाहीत. मी दहावी झाले, सर. तुमच्या इंग्रजीत एकसष्ट पडले होते. दहावी झाले म्हणून महेकला आठवीपर्यंत घरी मीच शिकवलं, शिकवणी लावली नाही. ती आज तुमच्या त्या शब्दांवर अठरा मार्क आणते.

मी म्हटलं, "अब्बा, तीस साल में कभी बोले क्यों नहीं?"

म्हणाले, "बोलता तो तेरे कू समझता ना, कि मैंने सुना था. फिर तू रोती. आज भी रो रही है, देख."

मी खरंच रडत होते. पण सर, मी अशी मोकळी कधी रडले नाही. तौफिक आतून आला, त्याला वाटलं काही वाईट बातमी आली. अब्बांनी त्याला सांगितलं, "कुछ नहीं, स्कूल की बात है," आणि दोन चहा सांगितले. मग दुपारभर मी तिथेच बसले. दोन गिऱ्हाइकं आली. दोघांनाही त्यांनी न विचारता सांगितलं, "ही माझी मुलगी. जळगावला असते. इंग्रजी जाणते."

महेकला घरी येऊन सगळं सांगितलं. ती वही घेऊन बसली आहे आणि मला विचारते आहे, अम्मी, नानांची ही गोष्ट कुठल्या शब्दात बसेल? टचिंग म्हटलं तर लहान पडतो. पॉयनंट म्हटलं तर सुई आहे खरी, पण ती आता टोचत नाही. तुम्हीच सांगा.

तुमची विद्यार्थिनी,
हुस्नबानो

*

देवपूर, धुळे
१ डिसेंबर २०२४

चि. हुस्नबानो,

तुझं पत्र मी शेवंताबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन गिलास पाण्यापाशी आलो आणि मला पुढे वाचता येईना, तेव्हा चष्मा लावून उरलेलं तिनं मला वाचून दाखवलं. मला ऐकू येत नाही म्हणून ती ओरडून वाचत होती. शेजारचे सुकदेव नाना धावत आले, काय झालं म्हणून. मग त्यांच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. आता आमच्या मजल्यावर सगळ्यांना तुझे अब्बा माहीत आहेत.

महेकच्या प्रश्नावर तीन दिवस विचार केला. मी आयुष्यभर ही विशेषणं शिकवली, आणि एक गोष्ट माझ्या आत्ता लक्षात आली. टचिंग काय, मूव्हिंग काय, ही सगळी ऐकणाऱ्याचं काय झालं ते सांगतात. माझं रक्त ढवळलं, मला टोचलं, मी हललो. ज्याच्यावर वेळ आली त्यानं काय केलं, ते यांतलं एकही सांगत नाही. तुझे अब्बा दाराशी गेले, पाणी प्यायले आणि परत फिरले. महेकला म्हणावं, वहीत तेवढंच लिही. क्रियापदं आहेत, ती पुरतात.

आणि तू वागलीस त्याचं काय, असं तू सप्टेंबरात विचारलं होतंस. त्याचा निकाल तुझ्या अब्बांनी १९९४ सालीच दिला आहे. माझ्याकडे त्यावर अपील चालत नाही.

आता मुद्द्याचं. थंडी पडली आहे, बाजारात भरताची वांगी आली आहेत. येत्या पंधरा तारखेला रविवार आहे. तुम्ही जळगावहून तिघं निघा. पारोळा वाटेतच आहे, तिथे उतरून अब्बांना आणि तौफिकला बरोबर घ्या आणि दुपारच्या आत इकडे या. नाही म्हणू नये. तुझ्या अब्बांना मी कधी भेटलेलो नाही. त्या दिवशी शाळेतच होतो, पण त्यांना पाहिलं नाही, याची मला चुटपुट लागली आहे. शेवंताबाईनं तर काल दोन सतरंज्या आणि माझी जुनी गादी गच्चीवर उन्हात टाकली. मी म्हटलं, "गादी कशाला? ते राहायला थोडेच येताहेत!" तर म्हणाली, "एवढा मोठा पिंजारी घरमा ई राहिना, त्याले आपली गादी असी गोळा व्हयेल दखाडसू का?" कापसाचे गोळे झालेली गादी पिंजाऱ्याला दाखवायची तिला लाज वाटते.

ती विचारते आहे, अब्बांना भरीत तिखट चालतं की बेताचं? आणि दातांचं कसं आहे, भाकरी चालेल की पोळ्या करू? पत्राची वाट बघायला आता वेळ नाही. खाली तिचा नंबर दिला आहे. फोन कर. ती उचलेल.

शा. अ. बोरसे